प्रशिक्षणात कात्री कुठे लावावी?

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या एखाद्या पेट्रोल पंपाचा कामगार आग विझवण्याच्या प्रशिक्षणासाठी दोन दिवस नागपूरला पाठवायचा, तर पगार, प्रवास, जेवण आणि बदली माणूस असा खर्च येतो. तो परवडेनासा झाला की बहुधा आधी प्रात्यक्षिक गळते आणि भाषण उरते. शहरातल्या मोठ्या कंपन्यांतही हेच घडते. ही कात्री चुकीच्या जागी लागते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले निरर्थक शब्द तासाभरातच निम्म्याहून अधिक विसरले जातात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांना आढळले, की उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे असतात. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे जातात. म्हणून प्रशिक्षण संपताच घेतलेल्या परीक्षेतील गुण फसवे असतात.

कमी खर्चातले चांगले उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील, फार न शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. शिकवून त्यांना सोडून दिले नाही. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन नोंदी तपासत, चुका दुरुस्त करत, पुढचे शिकवत. दर हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत सुमारे २५ वर आला. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. यात औषधांचा आणि घरभेटींचाही वाटा होता. पण शिकलेले हातात टिकले नसते, तर त्यांचा उपयोग झाला नसता.

उद्योगांनी हाच मार्ग धरावा. आसपासच्या चार-पाच आस्थापनांनी मिळून एक प्रशिक्षक बोलवावा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने सिलिंडरची पिन स्वतः काढून आग विझवावी. त्यानंतर दर पंधरवड्याला कामाच्या जागीच वीस मिनिटे उजळणी व्हावी. सभागृह, मुक्काम आणि लांबलचक भाषणे खुशाल वगळावीत. यंत्रावरची किंवा विजेची जोखमीची कामे मात्र जाणकारासमोरच शिकवली पाहिजेत. तिथे मोबाइलवरची चित्रफीत पुरत नाही.

प्रशिक्षणाचा पैसा वसूल झाला का, हे प्रमाणपत्रांवरून ठरवू नये. तीन महिन्यांनी, आधी न सांगता, कामगाराच्या हाती सिलिंडर द्यावा.