दूध संस्थेची जुनी फाईल पुसू नका



पुणे जिल्ह्यातल्या गावोगावच्या संस्थांचे दूध कात्रजच्या जिल्हा दूध संघात येते. दूध पुढे जाते, पण तुमचा हिशेब गावच्या संस्थेतच राहतो. लिटर, फॅट, उचल, दिवाळीचा फरक, सारे तिथेच.

तुमच्या संस्थेचा जुना हिशेब संगणकात ‘फॉक्सप्रो’वर असेल, तर एकाच नावाच्या तीन फायली दिसतील. ‘डीबीएफ’ ही खतावणी. ‘सीडीएक्स’ ही तिची अनुक्रमणिका. बिघडली तर जाणकार माणूस खतावणीवरून ती पुन्हा तयार करतो. ‘एफपीटी’त लांबलचक शेरे असतात, म्हणजे वारसाची नोंद किंवा उचलीची तडजोड. ती गेली की शेरे कायमचे गेले. ‘ही कसली फाईल?’ म्हणून ती पुसू नये.

हा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीने 2015 साली त्याची देखभाल थांबवली. म्हणून संगणक बदलताना एकच फाईल न उचलता सबंध फोल्डर उतरवून घ्यावा. एक प्रत संस्थेत, दुसरी अन्यत्र ठेवावी. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवतो का?

येत्या वार्षिक सभेत सचिवांना एवढे जरूर विचारा आणि आपला खातेउतारा छापून घ्या.