संसाराच्या वहीत रविवार कुठे?



काही महिन्यांपूर्वी एका मंगळवारी संध्याकाळी माझा पुतण्या आमच्या घरी आला. चेहरा उतरलेला. लग्नाला अजून दीड वर्षही झालेले नाही आणि सूनबाई चार दिवसांपासून उल्हासनगरला माहेरी जाऊन बसलेल्या.

"काका, तुम्हीच समजवा तिला. घरात दारू नाही, मारहाण नाही, भांडणसुद्धा नाही. तरी म्हणते, मी या घरात भाडेकरू आहे का?"

दारू नाही, मारहाण नाही, एवढ्यावर आपला संसार उत्तम चालला आहे असे आपण पुरुष मंडळी समजतो. जणू काही हा बायकोवर केलेला उपकारच! मी विचारले, "अरे, पण तिचं म्हणणं तरी काय आहे?"

"काही नाही हो. म्हणते, लग्न झाल्यावर आठ दिवसांनी चैत्यभूमीला जाऊन आलो, त्यानंतर आपण दोघं म्हणून कुठे गेलो ते सांगा. आता मी काय करू? माझी सुट्टी मंगळवारी, तिची रविवारी. आणि फिरायला पैसे कुठून आणू? लग्नाचं कर्ज अजून डोक्यावर आहे."

लग्नात डी.जे.साठी चाळीस हजार मोजले होते, ते मला आठवले. पण दुखऱ्या जागी बोट ठेवण्याची ती वेळ नव्हती. मी वही काढली. मी पडलो कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून जमा आणि नावे यांतच केस पिकले. समाजकार्य करतो तेही पावतीपुस्तक हातात घेऊनच. पुतण्याला म्हटले, "आज आपण पैशांचा नाही, तासांचा जमाखर्च मांडू. आठवड्याचे तास किती? १६८. आता सांग, यांतले किती तास तुम्ही दोघं एका वेळी घरात आणि जागे असता?"

तो भिवंडीच्या एका गोदामात दुसऱ्या पाळीला असतो. सकाळी साडेअकराला कल्याणची खोली सोडतो, रात्री सव्वाअकराला परत येतो. ती ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. पहाटे साडेपाचला उठून, डबे भरून सातला बाहेर पडते, संध्याकाळी साडेसहाला घरी येते. ती निघते तेव्हा हा झोपलेला. हा येतो तेव्हा ती पेंगत जेवण गरम करते. रात्रीचा तो पाऊण तास, सहा दिवस मिळून साडेचार तास. मंगळवारी त्याची सुट्टी, म्हणून संध्याकाळचे पाच तास. रविवारी तिची सुट्टी, म्हणून तो कामावर जाईपर्यंत सकाळचे तीन तास. एकूण जमा साडेबारा तास.

आता खर्चाची बाजू. मंगळवारी संध्याकाळी ती कामावरून येऊन स्वयंपाक-भांडी करते, त्यात तीन तास जातात. रविवारी सकाळी नळाला पाणी येते म्हणून आठवड्याचे धुणे तेव्हाच, त्यात अडीच तास. हे साडेपाच तास वजा केले, उरले सात. त्यांतून रात्रीचे पेंगुळलेले साडेचार काढा. शिल्लक अडीच तास! त्या अडीच तासांतही मोबाईल हा तिसरा माणूस घरात असतोच.

पुतण्या वहीकडे बघतच राहिला. मी विचारले, "मंगळवारी दिवसभर तू काय करतोस?"

"दहापर्यंत झोपतो. मग मंडळात कॅरम."

"तुझ्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करतं?"

तो गप्प बसला.

सुट्टी नाही हे अर्धेच खरे होते, वाचकहो. सुट्टी होती, पण ती एकट्याची होती. दोघेही कमावतात, दोघेही लोकलच्या गर्दीत चेंगरतात. मग धुणे, भांडी आणि स्वयंपाक एकाच खात्यावर का?

आपल्याला रविवार हा पंचांगातून मिळाल्यासारखा वाटतो. पण या मुंबईत गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टीच नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र आणले आणि सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा भरली. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा झाला. आपल्या विश्रांतीच्या एकेका तासामागे कुणाची तरी अशी झुंज आहे.

त्या १८९० च्या सभेतली एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. सुट्टी त्यांनीही मागितली होती. मालकाने ती दिली. घराने दिली का? गिरणीचा भोंगा रविवारी बंद राहिला, पण चूल आणि मोरी कधी बंद राहिली?

एवढे व्याख्यान मी पुतण्याला मोठ्या आवाजात दिले. तेवढ्यात आतून आमच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, वही उघडीच आहे तर माझेही रविवार मांडा की."

माझी वाचाच बसली. लग्नाला अठरा वर्षे झाली. माझा एक रविवार वस्तीच्या बैठकीला, दुसरा वर्गणीला, तिसरा कुणाच्या नामकरणाला, चौथा पाहुण्या वक्त्याची वाट बघण्यात. समाजाचे काम ते, घरचे कसे बघणार? असे मी छाती पुढे काढून सांगत आलो. आम्हा कार्यकर्त्यांचे आवडते वाक्य ठरलेले असते: "बाबासाहेबांनी तरी संसाराला कुठे वेळ दिला?"

खरे आहे. पण बाबासाहेबांचा तो वेळ कुठे गेला आणि आमचा कुठे जातो? शिवाय रमाईने काय सोसले याची त्यांना जाणीव होती. रमाई १९३५ साली गेल्या. त्यानंतर पाच वर्षांनी आलेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. आमच्या सभेचा वक्ता दोन तास उशिरा येतो आणि आम्ही तोवर चहा पीत बसतो. त्या दोन तासांना त्याग म्हणण्याची मला तरी लाज वाटली पाहिजे.

मी विषय बदलण्यासाठी पुतण्याला विचारले, "बरं, तिला गाणं कुठलं आवडतं?"

तो गोंधळला. "आमच्याकडे भीमगीतं चालूच असतात. आनंद शिंदेंचा आवाज म्हणजे आपला जीव की प्राण. सुट्टीला स्पीकर लावला की सगळी चाळ ऐकते."

"ते तुझं आवडतं झालं. तिचं कोणतं?"

"तिला गाण्याचं एवढं काही नाही, काका."

पुन्हा आतून आवाज, "आणि मला कोणतं आवडतं हो?"

मी आठवून आठवून लता मंगेशकरांच्या एका गाण्याचे नाव घेतले. बाहेर येऊन पत्नी शांतपणे म्हणाली, "ते तुमच्या बहिणीला आवडायचं." पुतण्या हसला. मीही हसलो, पण ते हसणे घशात अडकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे उल्हासनगरला गेलो. समजूत घालायला नव्हे, ऐकून घ्यायला. सूनबाईने चहा ठेवला आणि मोकळेपणाने बोलली. "काका, मला महाबळेश्वर नको, हॉटेल नको. मला एक दिवस पाहिजे, ज्या दिवशी हे मला 'जेवलीस का' याच्यापुढचं काहीतरी विचारतील." गाण्याचा विषय पत्नीने काढला. तेव्हा कळले की सूनबाई शाळेत असताना वस्तीच्या कार्यक्रमांत गात असे. वामनदादा कर्डकांची कितीतरी गाणी तिला पाठ आहेत. कडुबाई खरात एकतारीवर गातात ते तिला फार आवडते. लोकलच्या महिला डब्यात ती कानाला लावून रोज तेच ऐकते. घरी का नाही ऐकत? "घरी स्पीकर त्यांचा असतो," ती म्हणाली.

एकाच खोलीत राहणाऱ्या, एकाच परंपरेची गाणी आवडणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचे गाणे ठाऊक नव्हते. याला भांडण म्हणत नाहीत, म्हणूनच ते मिटवायलाही कुणी जात नाही.

सूनबाई परत आली, पण वहीसकट. मंगळवारचा स्वयंपाक त्याचा. रविवारचे धुणे तो मंगळवारी सकाळीच उरकतो. पहिल्या मंगळवारी वरणात मीठ दोनदा पडले आणि चाळीतल्या मित्रांनी 'बाईल्या' म्हणून चिडवले. दोन आठवड्यांनी चिडवणाऱ्यांपैकी एकाच्या बायकोने आपल्या नवऱ्याला विचारले, "तुमची सुट्टी कधी असते हो?" तेव्हापासून चिडवणे बंद आहे. गोदामातल्या एका सहकाऱ्याला मंगळवारची सुट्टी हवी असायची. त्याच्याशी बोलून महिन्यातल्या एका रविवारची अदलाबदल ठरली. साहेबांनीही हरकत घेतली नाही. दीड वर्षात विचारलेच नव्हते, एवढेच.

पहिल्या रविवारी दोघे कान्हेरीला गेले. डबा घरचा, कल्याणहून दादर, दादरहून बोरिवली, तिथून नॅशनल पार्क. सगळा खर्च एका बऱ्या शर्टाच्या किमतीत. (कुणी जाणार असाल तर लक्षात ठेवा, हे उद्यान सोमवारी बंद असते.) तिथे डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. भिक्खूंच्या खोल्या, निजायचे दगडी ओटे, पावसाचे पाणी साठवणाऱ्या पोढी. दगडावरच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आणि गावे आहेत. त्यांत सोपारा आहे आणि आपले कल्याणही आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. त्या दान देणाऱ्या दांपत्यांच्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या जोड्यांत बाई पुरुषाच्या मागे नाही. शेजारी उभी आहे, त्याच्याच उंचीच्या दगडात.

पुतण्या परत येऊन मला म्हणाला, "काका, चैत्यात गर्दी कमी होती. मी तिला म्हटलं, तुझं एक गाणं म्हण. आधी लाजली. मग हळू आवाजात वामनदादांचं एक कडवं म्हटलं. तिथे आवाज असा घुमतो... मला माहीतच नव्हतं हो, ती अशी गाते."

एवढे बोलून तो थांबला. मीही काही विचारले नाही.

तरुण वाचकांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही माझी हात जोडून विनंती आहे. सून-मुलगा दोघे बाहेर निघाले की "चालले फिरायला" असे नाक मुरडू नका. फिरणे ही श्रीमंतांची चैन नाही. राणीची बाग आहे, दादरची चौपाटी आहे, आणि काहीच नाही तर स्टेशनपर्यंतचा रस्ता आहे. मात्र बाईचे काम दुप्पट करून तिला फिरायला नेऊ नका. आदल्या रात्री डबे तिनेच भरायचे आणि आल्यावर भांडीही तिनेच घासायची, तर त्या सहलीपेक्षा घरी झोपलेले बरे.

आणि एक रविवार वही उघडा. दोन रकाने पाडा, तास मांडा. आकडे बायकोला विचारून लिहा. स्वतःच्या मनाने लिहाल तर ताळेबंद खोटा निघेल. हा सल्ला अनुभवाचा आहे.

माझ्या वहीचे काय झाले, असे आपण विचाराल. अठरा वर्षांची थकबाकी एकदम फिटत नाही, ती हप्त्याने फेडावी लागते. महिन्याचा दुसरा रविवार आता आमच्या दोघांचा. त्या दिवशी बैठक ठेवू नये, असे मंडळाला लेखी कळवले आहे. गेल्या खेपेला दादरच्या समुद्रावर बसलो असता पत्नीला तिचे आवडते गाणे कोणते ते विचारले. ती म्हणाली, "सांगेन, पुढच्या रविवारी."

मी तारीख वहीत लिहून ठेवली आहे.