लोक वऱ्हाडीला हसतात की वऱ्हाडी बोलणाऱ्या कलाकाराला?

'काहून बे, काय करून राहिला?' नागपुरात असली वाक्यं दिवसभर कानावर पडतात. त्यावर कुणी हसत नाही. पण असंच एखादं वाक्य 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे म्हणाले की सगळा स्टुडिओ हसतो. यामुळे विदर्भातल्या प्रेक्षकाला दोन गोष्टी एकदम वाटतात. आपली बोली टीव्हीवर आली याचा आनंद होतो आणि हे लोक नेमके कशाला हसतायत, अशी शंकाही येते. ही शंका अगदीच चुकीची नाही.

पाहुणाच झाला प्रेक्षक

रात्रीच्या टॉक शोचा साचा अमेरिकेतला. सूत्रसंचालक, सोफ्यावर पाहुणा आणि सोबत विनोद. जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तब्बल ३० वर्षं 'द टुनाइट शो' चालवला. भारतात शेखर सुमन यांनी १९९७ मध्ये 'मूव्हर्स अँड शेकर्स'मधून हा प्रकार लोकप्रिय केला.

झी मराठीवर ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'ने यात बदल केला. सिनेमाची टीम थुकरटवाडीत यायची, डॉ. निलेश साबळे त्यांच्याशी गप्पा मारायचे आणि मग भाऊ कदम, श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, सागर कारंडे, गणेशपुरे ही मंडळी पाहुण्यांसमोरच त्यांच्या सिनेमाची खिल्ली उडवायची. म्हणजे ज्याची थट्टा करायची तो माणूस समोर बसलेला. तो दुखावला जाऊ नये आणि घरचा प्रेक्षकही हसावा, अशी ही तारेवरची कसरत होती.

'जेवून राहिलो'मध्ये हसण्यासारखं काय?

पुण्या-मुंबईत 'मी जेवतोय' म्हणतात, नागपुरात 'मी जेवून राहिलो'. हिंदीतल्या 'खा रहा हूँ'सारखीच ही रचना. पण पुणेकराच्या कानाला 'राहिलो' म्हणजे मागे उरलो किंवा जेवायचा राहिलो. या गैरसमजातून विनोद आपोआप तयार होतो. 'मला-तुला'चं 'मले-तुले' झालं, 'डोळा'चा 'डोया' झाला, की आणखी हशा.

हा झाला सोपा विनोद. यात कलाकाराला फार काही करावं लागत नाही, कारण हशा ऐकणाऱ्याच्या अनोळखीपणातून येतो. सोशल मीडियावरची कितीतरी रील्स एवढ्यावरच थांबतात. चार वेळा 'बे' आणि दोन वेळा 'काहून' म्हटलं की झाली वऱ्हाडी कॉमेडी!

मग गणेशपुरे वेगळं काय करतात?

अमरावतीकडचे गणेशपुरे हसवताना स्वतः सहसा हसत नाहीत. चेहरा कोरा, आवाज खालच्या पट्टीत, घाई अजिबात नाही. आजूबाजूला सगळे धावपळ करत असताना हा माणूस निवांत उभा राहतो, क्षणभर थांबतो आणि मग एकच वाक्य टाकतो. त्या थांबण्यातच अर्धा विनोद असतो. तेच वाक्य प्रमाण मराठीत म्हटलं तरी हसू येईल, कारण ते त्या पात्राच्या बेरकीपणातून आलेलं असतं. बोलीमुळे ते पात्र खरं वाटतं.

विदर्भात ही कसोटी जुनी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात धानाचा हंगाम आटोपला की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि रात्र-रात्र चालतात. याच रंगभूमीवरचे विनोदी नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. 'विदर्भाचे दादा कोंडके' अशी त्यांची ओळख. त्यांच्यासमोरचा प्रेक्षक झाडीबोली घरातच बोलतो. तिथे नुसत्या बोलीवर हशा मिळणार नाही, अभिनयच करावा लागतो.

हिंगणघाटचे सुनील पाल २००५ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' जिंकले, पण तो मंच हिंदीचा होता. घराघरातल्या मराठी टीव्हीवर वऱ्हाडी रुळवण्यात गणेशपुरेंचा वाटा मोठा आहे.

कौतुक आहे, मग अडचण कुठे?

अडचण चौकटीची आहे. कोल्हापूरकडच्या बोलीला 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये प्रेमकथा मिळाली, मालवणी ढंगाला 'रात्रीस खेळ चाले'मध्ये भयकथा मिळाली. वऱ्हाडीच्या वाट्याला टीव्हीवर मुख्यतः विनोदच आला. शिवाय वऱ्हाडी, नागपुरी आणि झाडीबोली यांत फरक आहे, पण टीव्हीवर सगळ्यांचं एकच 'विदर्भाची भाषा' होऊन जातं.

याचा परिणाम पडद्याबाहेरही दिसतो. शिकायला पुण्याला गेलेल्या नागपूरच्या मुलाला 'जरा तुमच्या भाषेत बोलून दाखव ना' अशी फर्माईश होते. मग तो एक तर सगळ्यांना हसवतो, नाहीतर बोली लपवतो. साधं बोलायची सोय राहत नाही.

विनोदी कलाकार फक्त हसवण्यापुरता नसतो, हे याच कार्यक्रमाने दाखवलंय. अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं पोस्टमन झालेले सागर कारंडे वाचायचे, तेव्हा हसायला बसलेले लोक डोळे पुसायचे. अशी एखादी जागा वऱ्हाडीलाही मिळायला हवी.

मार्च २०२४ मध्ये थांबलेला हा कार्यक्रम २०२५ मध्ये अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनात परत आला, गणेशपुरेही परतले. पुढची क्लिप शेअर करण्याआधी एक करून बघा. तेच वाक्य मनातल्या मनात प्रमाण मराठीत म्हणा. तरीही हसू आलं, तर दाद कलाकाराची आहे. नाही आलं, तर आपण फक्त कुणाच्या तरी घरच्या बोलीला हसलो.