विश्लेषण : हॉटेलात सामना दाखवणे कायदेशीर कधी?

आयपीएल आली, की परमिट रूमपासून क्लबपर्यंत मोठे पडदे लागतात. जोडणी मात्र अनेकदा घरगुतीच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रक्षेपणावर प्रसारकाचा २५ वर्षे हक्क असतो. परवान्याशिवाय, पैसे आकारून ते लोकांना दाखवणे हा त्याचा भंग. मग तिकीट नसेल तर? तरीही मोकळे रान नाही. घरगुती जोडणी आणि ओटीटी वर्गणी वैयक्तिक वापरापुरतीच दिलेली असते. सामन्यासाठी ‘कव्हर चार्ज’ घेणाऱ्यांची बाजू तर आणखी लंगडी.

स्वस्त वाटेचा गाजलेला खटला ब्रिटनचा. पोर्ट्समथच्या पबचालक कॅरेन मर्फी ग्रीक डिकोडर कार्डावर प्रीमियर लीगचे सामने दाखवत. त्यांना दंड झाला. ४ ऑक्टोबर २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने परदेशी कार्डांवरील बंदी युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवली; फुटबॉल सामना ही बौद्धिक निर्मिती नव्हे, असेही म्हटले. २०१२ मध्ये मर्फी यांची शिक्षा रद्द झाली. मेख वेगळीच होती : लीगचे गीत, ग्राफिक्स यांवर कॉपीराइट आहे आणि पबमध्ये ते दाखवायला परवानगी लागते.

इथल्या हॉटेलचालकाने केबल वा डीटीएच कंपनीकडून व्यावसायिक जोडणी लेखी घ्यावी. फलकावर स्पर्धेचे बोधचिन्ह छापायचे, तर त्याची परवानगी निराळी.