चाकाची घरघर

जुन्या मोटारीच्या चाकांतून घरघर ऐकूं येऊं लागली व ती वेगाबरोबर वाढत गेली, म्हणजे बेअरिंग झिजलें असा संशय धरावा. निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगांत आंतील कोन व बाहेरील कप हे जोडीनें झिजतात. खर्च वांचावा म्हणून आम्हीं एकदां कोन तेवढा बदलविला. थोड्याच दिवसांत तीच घरघर परत आली. आमच्या मतें कप, कोन व ऑइल सील हीं एकदमच बदलावीं. चाक फिरवीत नट आवळून मग किंचित् सैल सोडावा, आणि स्प्लिट पिन नवी घालावी. बेअरिंग तापून जाम झालें तर भरधांव मोटारीचें चाक अडकूं शकतें. जिच्यांत बसवून आपण लेंकरांस शाळेंत पाठवितों, त्या मोटारीच्या कपाचे चार पैसे वांचविण्याचा अधिकार आम्हां वडील मंडळींस नाहीं.