पन्नाशीत अमेरिका, सायकलवरून

ट्रान्सअमेरिका ट्रेल हा अमेरिका सायकलवरून आडवी पार करण्याचा सर्वांत नावाजलेला मार्ग. देशाच्या द्विशताब्दीनिमित्त 1976 मध्ये तो खुला झाला आणि त्याच उन्हाळ्यात सुमारे 4,000 जण त्यावर निघाले. ऑरेगनच्या पॅसिफिक किनाऱ्यापासून व्हर्जिनियातील यॉर्कटाउनपर्यंतचे अंतर सुमारे 6,800 किलोमीटर आहे. ते कापायला साधारण दोन-तीन महिने लागतात.

सर्वांत उंच जागा कोलोरॅडोतील हूझिअर खिंड, सुमारे 3,500 मीटरवर. तरी जास्त दमवतात ते पूर्वेकडचे ॲपलाचियन डोंगर. रॉकीजमधले रस्ते लांब आणि संथ चढाचे. ॲपलाचियनची उंची कमी, पण चढ छातीवर येणारे. कॅन्ससमध्ये घाट नाहीत. तिथे समोरचा वारा ती कसर भरून काढतो!

पन्नाशीचे शरीर हे पेलू शकते, कारण इथे वेगापेक्षा सातत्य लागते. वयाबरोबर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता घटते, मात्र नियमित व्यायामाने ही घट मंदावते. थकवा भरून निघायला मात्र तरुणपणापेक्षा वेळ लागतो. म्हणून हलका गिअर, सीटची नेमकी उंची आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच. या वयात खरी अडचण असते ती रजेची.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ शर्यतीत, वेगळ्या मार्गाने, सुमारे 4,800 किलोमीटर आळीपाळीने नऊ दिवसांच्या आत कापले. तो पराक्रम निराळ्या जातीचा. ट्रेलवर कालमर्यादा नाही; त्याचे नकाशे मोंटानातील ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन ही संस्था काढते.