दोन सुया आणि एक गुंडा

विणकाम शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम काय करावे, असे विचारले असता बहुतेक जण उत्तर देतात की, प्रथम सामान आणावे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. प्रथम सामान ओळखावे, मग आणावे, आणि आणावयाचे ते अगदी मोजके.

हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण शाळेतील हस्तव्यवसायाच्या तासाशी त्याचा निकटचा संबंध आहे. पुष्कळदा असे घडते की, पहिला टाका पडण्यापूर्वीच साहित्याची लांबलचक यादी घरी जाते. एखाद्या घरी चकचकीत पेटीतील संपूर्ण संच येतो आणि दोन महिन्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतो. दुसऱ्या घरी तीच यादी महिन्याच्या खर्चाशेजारी ठेवून पाहिली जाते, आणि मग ते मूल ‘मला विणकाम आवडत नाही’ असे सांगून मोकळे होते. पहिल्या घरी पैसा वाया जातो. दुसऱ्या घरी एक होतकरू हात वाया जातो. या दुसऱ्या हानीचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आता सामानाकडे वळू. सुया नाना प्रकारच्या मिळतात : एका टोकाला बोंडे असलेल्या सरळ सुयांची जोडी, मध्ये लवचिक तार असलेली गोल सुई, आणि मोजे-हातमोजे यांसाठी दोन्ही टोके अणकुचीदार असलेल्या चार-पाच सुयांचा जुडगा. नवशिक्याला यांतील पहिली जोडी पुरे. ॲल्युमिनियमच्या सुईवरून टाके झरझर सरकतात. हात बसलेल्या माणसाला ते सोयीचे, पण नवख्याचे टाके तितक्याच झरझर गळतात. बांबूची सुई टाका किंचित धरून ठेवते, म्हणून ती बरी. मुलांच्या हाताला सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची सुई आवरते. घेताना टोकावरून बोट फिरवून पाहावे. टोक खरबरीत असेल तर लोकर अडकते, आणि मग मूल स्वतःच्या हातालाच दोष देत बसते.

सुईच्या क्रमांकाविषयी मोठा घोटाळा होतो. आपल्या बाजारात अजूनही जुने इंग्रजी क्रमांक चालतात. त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटर जाडीची, तर १० क्रमांकाची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकन क्रमांकांचा क्रम याच्या नेमका उलट, तेथे ८ क्रमांक म्हणजे ५ मिलिमीटर. तेव्हा आकड्यावर विसंबू नये, मिलिमीटर पाहावेत. आरंभाला ४ मिलिमीटरची जोडी योग्य.

लोकर मध्यम जाडीची, एकरंगी व फिकट असावी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसत नाही, आणि जो टाका दिसत नाही तो सुधारता येत नाही. आपल्या गोमंतकाच्या हवेत लोकरीचे काय काम, असे कोणी म्हणेल. सुती धाग्याची क्रोशाची लेस आपल्याकडे कित्येक घरांतून चालत आलेली आहे, हे खरे. पण सुयांवर सुती धागा ताणला जात नाही. हाताचा प्रत्येक सैल-घट्टपणा तो उघडा पाडतो. लोकर ताण खाते, नवख्याच्या चुका पोटात घालते. म्हणून शिकावे लोकरीवर, आणि मग सुताकडे यावे. स्वस्त ॲक्रिलिकचा गुंडाही सरावाला चालतो. मात्र तो विस्तवाजवळ वितळतो, हे ध्यानात असू द्यावे. आणखी एक गोष्ट : मोठ्या कामासाठी सर्व गुंडे एकदमच घ्यावेत, आणि वेष्टनावरील रंगाच्या घाणीचा क्रमांक एकच आहे ना, हे पाहावे. एरवी पाठीचा निळा आणि बाहीचा निळा यांचे जमत नाही.

उरलेले सारे घरातच असते. कात्री, शिवणकामाची फीत, आणि टोके शिवण्यासाठी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. टाक्याची खूण म्हणून विकत मिळणारी कडी नको, दुसऱ्या रंगाच्या धाग्याचा फास पुरतो. सुटलेला टाका धरायला सेफ्टी पिन आहे. ओळी मोजण्याचे यंत्र नको. पेन्सिल आणि वहीचा कोपरा आहे.

फीत मात्र टाळू नये, कारण विणकामातील खरी विद्या तेथे आहे. ४ मिलिमीटरच्या सुईवर मध्यम लोकरीचे १० सेंटिमीटरांत साधारण २२ टाके बसतात. ८० सेंटिमीटर घेराच्या अंगासाठी म्हणून कोणी १७६ टाके घातले, पण तिचा हात सैल असून १० सेंटिमीटरांत २० च टाके बसले, तर घेर ८८ सेंटिमीटर होईल; सदरा धाकटीसाठी विणला तो थोरलीला जाईल! म्हणून आधी एक चौकोन विणून मोजावा. त्रैराशिक कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलांना याहून चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही.

‘मुलांना’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. त्यात मुलगेही आले. विणणे हे बायकांचे काम, असे म्हणणाऱ्याने किनाऱ्यावर बसून जाळे विणणाऱ्या रापणकाराकडे पाहावे. मोजे विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली या पुरुषानेच रचले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, तेव्हा मुलांच्या हाती आलेली टकळी अशीच होती : स्वस्त, साधी, कोणत्याही घरात असू शकेल अशी.

चांगल्या कामाला चांगली अवजारे हवीत, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच गुळगुळीत टोकाचा आग्रह आम्ही धरला. पण अवजार चांगले असणे वेगळे आणि अवजारे पुष्कळ असणे वेगळे. गवयाला एक तंबोरा सुरात लागतो, दहा नव्हेत.

तेव्हा आमची सूचना अशी : शाळेने ४ मिलिमीटरच्या सुयांच्या वीस जोड्या कपाटात ठेवाव्यात आणि ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे त्या नोंद करून घरी द्याव्यात. पालकांनी आरंभी फक्त एक गुंडा आणावा. वीस टाके घालून, सर्व ओळी सुलट विणून पहिला चौकोन पुरा होईपर्यंत दुसरे काहीही विकत घेऊ नये. ज्याचा चौकोन पुरा होईल त्याला पुढे काय हवे ते त्याचे त्यालाच कळेल. कुणी बाळंतविड्यातले टोपडे विणू लागेल, कुणी पायमोजे. ज्याचा पुरा होणार नाही, त्याने सुया परत कराव्यात. त्यात कमीपणा नाही. त्याच जोडीची वाट पाहणारे दुसरे कोणीतरी वर्गात असेलच.